मार्स आणि मिल्की वे: एका घराने सरकलेली नावे

अमेरिकेतल्या न्यू जर्सीहून आलेला मिल्की वे हा चॉकलेटचा बार आणि लंडनहून आलेला मिल्की वे एकाच ताटलीत ठेवून दोन्ही आडवे कापले, तर एका नावाखाली दोन निराळ्या वस्तू विकल्या जातात हे पाहताक्षणी कळते. अमेरिकन बारच्या छेदात खाली फिकट तपकिरी, माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) चवीचा नूगट, म्हणजे पाक आणि अंड्याचा पांढरा भाग फेटून केलेला मऊ गोड थर, दिसतो आणि त्यावर कॅरमेलचा थर असतो. दोन तुकडे हळूच दूर केले की त्या थराची तार निघते. ब्रिटिश बारमध्ये तार निघण्याजोगे काही नसतेच. चॉकलेटच्या पातळ कवचाच्या आत पांढरट, हवेने फुगलेला नूगट असतो, आणि तो इतका हलका असतो की हा बार दुधावर तरंगतो; तो बनवणाऱ्या मार्स कंपनीने जाहिरातींत या गुणाचा भरपूर उपयोग करून घेतलेला आहे. आता त्याच ताटलीत दुबईच्या विमानतळावर घेतलेला त्याच कंपनीचा मार्स बार कापून ठेवला, तर तो अमेरिकन मिल्की वेचा सख्खा भाऊ वाटावा इतका त्याच्यासारखा दिसतो.

यावरून ‘तिकडचा मार्स म्हणजे अमेरिकेतला मिल्की वे आणि अमेरिकेतला मार्स म्हणजे तिकडचा मिल्की वे’ असे सर्रास सांगितले जाते. त्यातला पूर्वार्ध बऱ्याच अंशी खरा आहे, उत्तरार्ध साफ चुकीचा आहे. नावांची अदलाबदल झालेली नाही. ती एका घराने पुढे सरकली आहेत. अमेरिकेबाहेर ज्याला मार्स म्हणतात, त्याच्या जवळचा अमेरिकन बार मिल्की वे हा आहे. अमेरिकेबाहेर ज्याला मिल्की वे म्हणतात, त्याच्या जवळचा अमेरिकन बार थ्री मस्केटिअर्स हा आहे. आणि अमेरिकेत मार्स या नावाने जो बार कित्येक वर्षे विकला गेला, तो या दोहोंपैकी कोणीच नसून नूगटात भाजलेले बदाम घातलेला तिसराच प्रकार होता.

हे सरकणे कोणा विक्री अधिकाऱ्याच्या डोक्यातून निघालेले नाही. त्याच्या मुळाशी एक बाप आणि एक मुलगा आहे, आणि दोघांचे एकमेकांशी न पटणे आहे.

फ्रँक मार्स हा अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातला. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे त्याला घरीच राहावे लागे, तेव्हा आईने त्याला हाताने चॉकलेटात बुडवून मिठाई करायला शिकवले. मोठेपणी त्याने हाच धंदा धरला आणि बरेच अपयश पचवल्यानंतर १९२३ मध्ये मिनियापोलिस येथे मिल्की वे बाजारात आणला. हे नाव आकाशगंगेवरून आल्याचा समज सार्वत्रिक असला, तरी ते त्या काळी अमेरिकेत अतिशय लोकप्रिय असलेल्या माल्टेड मिल्क या पेयाशी निगडित होते. त्या पेयाची चव हातात धरून खाण्याजोग्या बारमध्ये आणावी, ही मूळ कल्पना होती. ती कल्पना आपलीच, असे मुलगा फॉरेस्ट पुढे सांगत असे. कवचासाठी लागणारे चॉकलेट हर्शी कंपनीकडून येई. नूगट आणि कॅरमेल हे चॉकलेटपेक्षा स्वस्त पडणारे पदार्थ असल्यामुळे तेवढ्याच पैशांत ग्राहकाला निव्वळ चॉकलेटच्या वडीपेक्षा बराच मोठा ऐवज मिळे, आणि या बारच्या यशाचे खरे कारण माझ्या मते चवीइतकेच या हिशेबातही आहे. १९२९ मध्ये कारखाना शिकागोला हलला, १९३० मध्ये तेथून स्निकर्स आणि १९३२ मध्ये थ्री मस्केटिअर्स बाहेर पडला.

फॉरेस्ट मार्स येल विद्यापीठात शिकून वडिलांच्या धंद्यात आला, परंतु दोघांचे फार काळ जमले नाही. मुलाला धंदा देशाबाहेर न्यायचा होता आणि मालकीतला मोठा वाटा हवा होता. वडिलांना आहे त्यात समाधान होते. अखेर फ्रँकने त्याला सुमारे ५०,००० डॉलर आणि मिल्की वे परदेशात विकण्याचे हक्क देऊन मोकळे केले. फॉरेस्ट युरोपात गेला, तेथील चॉकलेटचे काम त्याने जवळून पाहिले आणि १९३२ मध्ये लंडनच्या पश्चिमेला असलेल्या स्लाव या गावी भाड्याच्या जागेत मोजक्या कामगारांना घेऊन त्याने उत्पादन सुरू केले. बार वडिलांच्याच धर्तीचा होता. चवीत ब्रिटिश ग्राहकांसाठी फेरफार केला होता आणि कवचाचे चॉकलेट कॅडबरीकडून घेतले होते. नाव मात्र त्याने मिल्की वे न ठेवता घराण्याचे आडनाव ठेवले. मार्स बारचा जन्म असा झाला, आणि ज्या वस्तूला अमेरिकेत एक नाव होते, तिला समुद्रापलीकडे दुसरे मिळाले.

एवढ्यावर थांबले असते तर गोंधळ फारसा वाढला नसता. पण मिल्की वे हे नाव वापरण्याचा हक्क फॉरेस्टकडे होताच, आणि १९३५ मध्ये त्याने ते ब्रिटनमध्ये एका नव्या, हलक्या, कॅरमेल नसलेल्या बारला दिले. त्याचा रोख मुलांवर होता. दोन जेवणांच्या मधल्या वेळेत खाल्ला तरी भूक मरणार नाही, अशी या बारची जाहिरात पुढे कितीतरी वर्षे चालली. आजही ब्रिटनमध्ये सुटा मिल्की वे जेमतेम २१.५ ग्रॅमचा असतो, तर तिथला मार्स ५१ ग्रॅमचा आणि अमेरिकन मिल्की वे सुमारे ५२ ग्रॅमचा असतो. दोन्ही मिल्की वे शेजारी ठेवले, तर वेष्टन न उघडताही केवळ आकारावरून फरक ओळखता येतो.

इकडे अमेरिकेत थ्री मस्केटिअर्स आपल्या वाटेने चालला होता. सुरुवातीला त्याच्या एका वेष्टनात चॉकलेट, व्हॅनिला आणि स्ट्रॉबेरी अशा तीन चवींचे तीन तुकडे असत, म्हणून ते नाव. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात टंचाई आणि वाढत्या किमती यांमुळे बाकीच्या दोन चवी गेल्या आणि १९४५ पासून एकट्या चॉकलेट चवीचा सलग बार उरला. तीन शिलेदारांपैकी एकच शिल्लक राहिला, तरी नाव कोणी बदलले नाही. आतला नूगट तपकिरी आणि बार आकाराने मोठा, एवढे सोडले तर रचनेने तो युरोपीय मिल्की वेच्या सर्वांत जवळचा आहे: नूगट आणि वरून चॉकलेट, बाकी काही नाही. बदामांच्या अमेरिकन मार्सचे नशीब तितकेसे बरे नव्हते. १९३० च्या दशकापासून चालत आलेला हा बार २००२ मध्ये बंद झाला आणि त्याची जागा स्निकर्स आमंडने घेतली. नंतर तो अधूनमधून मर्यादित प्रमाणात परत आला. तरीही सर्वसाधारण अमेरिकन ग्राहकाला मार्स म्हटले की बारपेक्षा कंपनीच आठवते.

फ्रँक १९३४ मध्ये वारला, पण बाप-लेकांच्या कंपन्या एक व्हायला १९६४ साल उजाडले. म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळ अटलांटिकच्या दोन्ही काठांवर दोन स्वतंत्र कारखाने आपापल्या ग्राहकांच्या मनात ही नावे पक्की करत राहिले. एकत्रीकरणानंतर तरी नावे सारखी का केली नाहीत, हा प्रश्न रास्त आहे. कारण या कंपनीला नावे बदलण्याचे वावडे अजिबात नाही. ब्रिटनमधला मॅरेथॉन १९९० मध्ये स्निकर्स झाला. युरोपच्या मुख्य भूमीवरचा रेडर १९९१ मध्ये ट्विक्स झाला. ब्रिटनमधल्या ओपल फ्रूट्स या गोळ्या १९९८ मध्ये स्टारबर्स्ट झाल्या. लोकांनी कुरकुर केली, पण बदल पचले, कारण ज्या नावाकडे जायचे ते नाव त्या देशात मोकळे होते. मार्स आणि मिल्की वे यांच्या बाबतीत ते मोकळे नव्हते. ब्रिटनमधल्या मार्सला मिल्की वे म्हणायचे, तर तिथल्या मिल्की वेला आधी दुसरे नाव शोधावे लागले असते, आणि जुन्या मिल्की वेच्या ओळखीचे ग्राहक नव्या वेष्टनात कॅरमेल पाहून चक्रावले असते. एका नावाची जागा दुसरी वस्तू अडवून बसल्यावर एकच सोंगटी हलवून पट लागत नाही. सगळ्या उचलाव्या लागतात. कंपनीने त्या भानगडीत न पडणे पसंत केले. ब्रिटनमध्ये ‘रोज एक मार्स’ हे घोषवाक्य पिढ्यांच्या तोंडी बसलेले असताना ते नाव पुसणे व्यापाराच्या दृष्टीने शहाणपणाचेही ठरले नसते.

मार्स आणि अमेरिकन मिल्की वे हे सख्खे भाऊ खरे, तरी जुळे नव्हेत. दोन्ही वेष्टनांवरील घटकांची यादी शेजारी धरून वाचली, तर साखर, ग्लुकोज (अमेरिकेत मक्याचा) पाक, दुधाची भुकटी, बार्लीचा माल्ट, मीठ आणि अंड्याचा पांढरा भाग ही नावे दोन्हीकडे सापडतात. बार्लीचा माल्ट हा त्या माल्टेड मिल्कचा उरलेला धागा आहे, आणि फ्रँकची मूळ कृती ब्रिटनपर्यंत कशी पोचली हे त्यावरून हाताला लागते. नूगटाची घडण दोन्हीकडे एकाच तत्त्वावर आहे: गरम पाक अंड्याच्या पांढऱ्या भागाबरोबर जोरात फेटून त्यात हवा धरायची, त्याची लादी पसरायची, वर कॅरमेलचा थर द्यायचा, पट्ट्या कापायच्या आणि त्या चॉकलेटच्या पडद्याखालून न्यायच्या. हवा किती धरली यावर नूगट दाताला घट्ट लागणार की तोंडात विरघळणार हे ठरते. युरोपीय मिल्की वेचा तरंगण्याचा गुण त्यातूनच येतो.

भाऊ वेगळे पडतात ते कवचात. अमेरिकन बारवर हर्शीचे आंबूस चॉकलेट असते म्हणून तो वेगळा लागतो, असे पुष्कळांना वाटते. हे आता लागू नाही, कारण १९६० च्या दशकात फॉरेस्टने हर्शीकडून चॉकलेट घेणे थांबवले आणि कंपनी स्वतःचे चॉकलेट बनवू लागली. फरकाचा मोठा भाग कायद्यातून येतो. अमेरिकेत मिल्क चॉकलेट म्हणवण्यासाठी किमान १० टक्के कोकोचा लगदा (दळलेल्या कोको बिया) आणि १२ टक्के दुधाचे घनघटक लागतात, पण चॉकलेटमध्ये कोको बटरखेरीज (कोको बियांतल्या चरबीखेरीज) दुसरी वनस्पतिजन्य चरबी चालत नाही. युरोपीय संघाच्या २००० सालच्या निर्देशानुसार एकूण कोको घटक किमान २५ टक्के लागतात, मात्र इतर ठरावीक वनस्पतिजन्य चरबी ५ टक्क्यांपर्यंत चालते; ब्रिटन आणि आयर्लंडला दुधाचे प्रमाण वाढवून कोको २० टक्क्यांवर आणण्याची मुभा मिळाली. १० आणि २५ हे आकडे समोरासमोर ठेवून अमेरिकन चॉकलेट निकृष्ट ठरवण्याची घाई अनेक जण करतात, ती चूक आहे. अमेरिकन नियमात फक्त लगदा मोजला जातो, तर युरोपीय नियमात वेगळे घातलेले कोको बटरही मोजणीत येते, त्यामुळे ही तुलना सरळ होत नाही.

शाकाहारी वाचकांसाठी मात्र या दोन नावांमधला भेद गौण आहे. मार्स, अमेरिकन मिल्की वे, युरोपीय मिल्की वे आणि थ्री मस्केटिअर्स या चारही बारच्या नूगटात अंड्याचा पांढरा भाग असतो, आणि भारतीय नियमांनुसार अंडे असलेला पदार्थ मांसाहारी गणला जाऊन त्यावर तपकिरी खूण येते. परदेशातून आलेल्या वेष्टनावर ती खूण छापलेली असेलच असे नाही, म्हणून बारीक अक्षरे वाचावीत. ब्रिटनमध्ये अंडे खाणारे शाकाहारी पुष्कळ असल्याने तेथे वाद वेगळ्याच घटकावरून पेटला: मे २००७ मध्ये कंपनीने मार्ससह आपल्या काही बारमधील दुधाच्या निवळीसाठी प्राण्यांच्या जठरातून मिळणारे, दूध फाडणारे रेनेट वापरले जाईल असे जाहीर केले, तक्रारींचा पाऊस पडला, आणि आठवडाभरातच तिने निर्णय मागे घेऊन माफी मागितली.

दोन बारमधून एक निवडायचा असेल, तर स्कॉटलंडमधल्या प्रसिद्ध तळलेल्या मार्सची कृती चांगली कसोटी आहे. स्टोनहेवन या गावी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला निघालेल्या या प्रकारात मार्स पिठात बुडवून कढईत सोडतात, आणि आतले कॅरमेल वितळणे हाच त्यातला सारा मतलब असतो. अमेरिकेत हा प्रयोग करणाऱ्याने मिल्की वे घ्यावा. ब्रिटनमध्ये त्याच नावाच्या बारवर तो केला, तर फेसाळ गोड नूगटाखेरीज हाती काही लागणार नाही.

अमेरिकन कंपनीने २०१० मध्ये सिंपली कॅरमेल या जोडनावाचा मिल्की वे आणला, त्यात कॅरमेल आणि चॉकलेट एवढेच आहे, नूगट अजिबात नाही. लंडनच्या मिल्की वेमध्ये नूगट आहे, कॅरमेल नाही. एकाच कंपनीच्या या दोन बारमध्ये वरचे कवच आणि मिल्की वे हे नाव सोडून सारखे असे काही उरलेले नाही.