आधुनिक कलेवरील आफ्रिकी प्रभाव

पश्चिम व मध्य आफ्रिकेतील लाकडी मुखवटे आणि मूर्ती यांचा विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपीय चित्र-शिल्पकलेवर पडलेला प्रभाव. वसाहतींतून आलेल्या या वस्तू, काही विकत घेतलेल्या तर काही सरळ लुटलेल्या, मानववंशशास्त्रीय संग्रहालयांत भाल्या-ढालींशेजारी मांडलेल्या असत. त्यांना कला म्हणणारे तेव्हा फार थोडे होते.

१९०६ मध्ये फ्रेंच चित्रकार आंरी मातीसने पॅरिसच्या एका दुकानातून काँगो प्रदेशातील व्हिली लोकांची छोटी मूर्ती घेतली आणि ती स्पॅनिश चित्रकार पिकासोला दाखवली. पुढच्याच वर्षी पिकासो पॅरिसमधील त्रोकादेरोच्या मानववंशशास्त्रीय संग्रहालयात गेला. त्याच वर्षीच्या ‘आव्हिन्याँच्या तरुणी’ या चित्रात उजवीकडच्या दोघींचे चेहरे मुखवट्यासारखे आहेत. पुढे त्याने हा प्रभाव नाकारलाही. ते फारसे पटण्याजोगे नाही.

मात्र खरी शिकवण चेहऱ्यांच्या नकलेत नव्हती. पिकासोकडे पश्चिम आफ्रिकेतील ग्रेबो लोकांचा मुखवटा होता: सपाट फळी, तिच्यावर नाकाची पट्टी आणि डोळ्यांच्या जागी पुढे आलेल्या दोन नळ्या. डोळा वास्तविक खोबणीत असतो. इथे तो बाहेर आलेला, तरी पाहणाऱ्याला डोळाच दिसतो. १९१२ मध्ये पुठ्ठ्याची गिटार करताना पिकासोने तिचे भोक असेच नळीसारखे पुढे काढले. या दोन गोष्टींचा संबंध त्याची चित्रे विकणारा कानवाइलर याने दाखवून दिला. वस्तूसारखे दिसण्याऐवजी वस्तूची खूण उभी करायची, ही मोकळीक घनवादाला, म्हणजे वस्तू भौमितिक तुकड्यांत मांडणाऱ्या पिकासोच्या शैलीला, इथे मिळाली.

पॅरिसमधल्याच मोदिल्यानी आणि ब्रांकुश या कलावंतांची, पहिल्याची लांबट दगडी मस्तके आणि दुसऱ्याची लाकडी शिल्पे, हीही याच ओढीतली. जर्मनीतील ड्रेस्डेनचे अभिव्यक्तिवादी, म्हणजे दृश्यापेक्षा भावना रंगवणारे चित्रकार तिथल्या मानववंशशास्त्रीय संग्रहालयात जात. १९१४ मध्ये छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झने न्यूयॉर्कच्या आपल्या दालनात आफ्रिकी शिल्पे कला म्हणूनच मांडली.

या कौतुकात बरेच काही गळून पडले. मुखवट्याबरोबरचा पोशाख, नाच, ढोल युरोपात आलेच नाहीत; बहुतेक कारागिरांची नावेही कोणी टिपली नाहीत. १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात अशा वस्तू आधुनिक कलाकृतींशेजारी मांडणारे मोठे प्रदर्शन भरले, त्यावर याच कारणाने टीका झाली. गॅबन भागातील फँग लोकांच्या मूर्ती पूर्वजांच्या अस्थी ठेवलेल्या सालीच्या पेटीवर राखणीला बसवत आणि तेलाने माखत. संग्रहालयांत बहुधा पेटीविना नुसती मूर्ती दिसते. काहींच्या लाकडातून अजूनही तेल पाझरते.