सीता अशोक (सोलापूर परिसर)

सीता अशोक (शास्त्रीय नाव सॅराका असोका, शिंबी कुल) हा ओलसर सदाहरित जंगलातला ६ ते ९ मीटर उंचीचा वृक्ष. सोलापुरात कुंपणालगत सरळसोट वाढणारे, ज्याची पाने तोरणाला लावतात ते झाड म्हणजे खोटा अशोक. तो सीताफळाच्या कुलातला. त्याची पाने एकेकटी, कडा लहरी आणि फुले फिकट हिरवी. सीता अशोकाचे पान संयुक्त असते, त्यावर पर्णिकांच्या चार ते सहा जोड्या असतात. फुले केशरी, पुढे लाल होणारी, थेट जुन्या फांद्यांवर गुच्छांनी येतात. त्यांना पाकळ्या नसतात. रंग दिसतो तो निदलाचा. चैत्र शुद्ध अष्टमीला प्राशन करतात त्या आठ कळ्या याच झाडाच्या.

मूळ वस्ती कोकण-सह्याद्रीपासून केरळ, श्रीलंका आणि ईशान्य भारतापर्यंत, बहुधा ओढ्याकाठी. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या तांबड्या यादीत १९९८ साली त्याची नोंद 'असुरक्षित' अशी झाली. जंगलतोड हे एक कारण. दुसरे अशोकारिष्ट या आयुर्वेदिक औषधासाठी लागणारी साल. खोडाभोवती पूर्ण वलयात साल सोलली की पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत उतरत नाही आणि झाड उभ्याउभ्या मरते. सालीचा तुटवडा पडला की खोट्या अशोकाची साल मिसळली जाते, म्हणजे रुग्णाचीही फसवणूक होते. लागवडीतले वीसेक वर्षांचे झाड जमिनीपासून १५ सेंमीवर कापले तर बुंधा पुन्हा फुटतो. मागणी भागवण्याचा रास्त मार्ग हाच.

सोलापूरचा पाऊस या झाडाला अपुरा, उन्हाळा चाळिशीपार आणि काळी माती चुनखडीची. तरीही घराच्या पूर्वेला, दुपारचे ऊन अडेल अशा जागी ते जगते. ६० सेंमी लांब-रुंद-खोल खड्ड्यात तळाला मुरूम, वर पोयटा आणि १० किलो कुजलेले शेणखत घालावे. रोप थोड्या उंचवट्यावर लावावे. सप्टेंबरच्या जोरदार पावसात काळ्या मातीत पाणी तुंबून मुळे कुजतात. पहिले तीन उन्हाळे शेडनेट आणि बुंध्याशी उसाच्या पाचटाचे आच्छादन हवेच. बोअरचे पाणी खारट असेल तर पानांच्या कडा करपतात. शिरा हिरव्या राहून पान पिवळे पडले तर चुनखडीमुळे लोह मिळत नाही असे समजावे. लिटरला ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि थोडे लिंबूसत्त्व घालून ऊन उतरल्यावर फवारावे. कोवळी पालवी मात्र मुळातच तांबूस आणि लोंबती असते. ती सुकली समजून पाणी वाढवू नये. त्यानेच कित्येक रोपे दगावतात.

शेंगा चपट्या, चिवट, चार ते आठ बियांच्या. बी वाळवून ठेवता येत नाही, वाळले की रुजत नाही. पिकून पडलेले बी रात्रभर पाण्यात भिजवून लगेच पिशवीत आडवे पेरावे. साधारण तीन आठवड्यांत उगवते. रोपवाटिकेत नुसते 'अशोक' मागितले तर खोटाच हाती पडतो, म्हणून पान संयुक्त आहे का ते पाहूनच घ्यावे.