हत्तीरोग : संशोधनाचे प्रश्न कसे बदलत गेले

महाराष्ट्रातील हत्तीरोगप्रवण जिल्ह्यांच्या यादीत सोलापूरचे नाव आहे. शेजारचे लातूर व धाराशिव त्याच यादीत आहेत आणि अक्कलकोटपलीकडचा कर्नाटकातील कलबुर्गीही या रोगाच्या पट्ट्यात मोडतो. या रोगाविषयी कोणते संशोधन आधी व्हावे, याचे उत्तर गेल्या दीडशे वर्षांच्या वाटचालीत शोधावे लागते.

१८७२ साली कोलकात्यात टिमथी लुईस यांनी माणसाच्या रक्तात हा रोग ज्या कृमीमुळे होतो तिची सूक्ष्म पिल्ले पाहिली आणि १८७७ साली पॅट्रिक मॅन्सन यांनी ती डासाच्या शरीरात वाढतात हे दाखवले. या कृमीवरचे डीईसी (डायइथिलकार्बामाझिन) हे औषध १९४७ मध्ये हाती आले. कारण कळले होते, औषध सापडले होते. म्हणून १९५५ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू करताना सर्वांना डीईसी देणे आणि घरोघरी डीडीटी हे कीटकनाशक फवारणे, असा सरळ मार्ग निवडला गेला. मात्र १९६०च्या सुमारास झालेल्या मूल्यमापनानंतर हे दोन्ही उपाय मागे घ्यावे लागले. गटारात वाढणाऱ्या क्युलेक्स डासांवर डीडीटीचा प्रभाव पडला नाही आणि रक्तातील कृमी मरताना येणारा ताप व मळमळ यांमुळे लोकांनी गोळ्या नाकारल्या. या इतिहासातला सर्वांत बोलका भाग मला हाच वाटतो, कारण येथे औषध निष्प्रभ ठरले नव्हते, ते लोकांच्या पोटातच गेले नव्हते. पुढची कित्येक दशके शहरांतील अळीनाशक फवारणी आणि रात्री रक्तनमुने घेऊन सापडलेल्या रुग्णांवर उपचार, एवढ्यावरच भर राहिला. ग्रामीण भाग जवळजवळ बाहेरच राहिला.

२००० साली हत्तीरोग दुरीकरणाचा जागतिक कार्यक्रम आला आणि २००४ पासून भारतात वर्षातून एकदा सामुदायिक औषधोपचार, म्हणजे रोगप्रवण भागातील सर्वांना गोळ्या देणे, सुरू झाला. २०१९ मध्ये नागपूर जिल्ह्यात आयव्हरमेक्टिनसह तीन औषधे एकत्र देण्यात आली. दरम्यान दुरीकरणाचे लक्ष्य २०१५ वरून सरकत २०२७ पर्यंत आले आहे.

म्हणून आज पहिला प्रश्न वाटलेल्या आणि प्रत्यक्ष गिळलेल्या गोळ्यांमधील तफावतीचा आहे. सोलापुरात यंत्रमागावर पाळीने काम करणारा कामगार दिवसा दारावर आलेल्या आरोग्यसेविकेला भेटतो का, बिडी वळणाऱ्या बाईला ती गोळी उपाशीपोटी घ्यायची नाही हे कोणी सांगते का, हे येथेच अभ्यासायला हवे. दुसरा प्रश्न उरलेला संसर्ग शोधण्याचा आहे. कृमीची पिल्ले रात्रीच रक्तात उतरत असल्याने दिवसाच्या रक्तनमुन्यात ती बहुधा दिसत नाहीत. बोटातून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर कधीही करता येणारी प्रतिजन चाचणी (कृमीने रक्तात सोडलेले घटक शोधणारी) आणि डासांतील कृमीच्या डीएनएचा शोध हे पर्याय सीमावर्ती भागात, जिथे माणसांची ये-जा सतत चालू असते, कितपत उपयोगी पडतात हे पाहणे अगत्याचे आहे.

ज्यांचे पाय आधीच सुजले आहेत त्यांना दुरीकरण झाले तरी ते पाय घेऊनच जगायचे आहे. साबण-पाण्याने रोज पाय धुणे, बोटांच्या बेचक्यातील भेगांची काळजी घेणे यांमुळे तापाचे व वेदनेचे झटके कमी होतात, हे सिद्ध झालेले आहे. या रोगामुळे पुरुषांना होणाऱ्या अंडवृद्धीवर (वृषणाच्या पिशवीत पाणी साचून येणाऱ्या सुजेवर) शस्त्रक्रियाही आहे. ही काळजी तालुक्याच्या गावी आणि वस्तीवर वर्षानुवर्षे कशी टिकवायची, याच्या अभ्यासाला औषधांच्या चाचण्यांइतकेच महत्त्व द्यायला हवे.