सोनोरन वाळवंटातले विंचू: रंगावरची ओळख का सुटली

सोनोरन वाळवंट पसरलेल्या अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात घरात विंचू निघाला की पहिला प्रश्न एकच असतो, हा बार्क स्कॉर्पियन तर नाही? अमेरिकेतल्या विंचवांमध्ये जिवावर बेतण्याची खरी भीती याचीच. १९२८ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ एच. ई. युइंग यांनी त्याला सेंट्रुरॉइडिस स्कल्प्ट्युरेटस हे नाव दिलं. त्याच वर्षी त्यांनी हॅड्रुरस ॲरिझोनेन्सिस या १४ सेंटिमीटरपर्यंत वाढणाऱ्या केसाळ विंचवाचंही वर्णन केलं. दिसायला हा दुसराच भयंकर, पण त्याचं विष त्यामानाने सौम्य.

घोळ झाला तो पट्ट्यांमुळे. १९४० मध्ये विंचू-अभ्यासक हर्बर्ट स्टान्के यांनी पाठीवर दोन गडद पट्टे असलेले विंचू वेगळी जात मानले. पुढे कळलं की ती एकाच जातीची रंगछटा. मग १९८० मध्ये हे सगळे मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पातल्या सेंट्रुरॉइडिस एक्झिलिकॉडा या १८६३ पासून माहीत असलेल्या जातीत घातले गेले. २००४ मध्ये विष आणि जनुकं ताडून पाहिल्यावर दोन्ही जाती पुन्हा वेगळ्या झाल्या. म्हणून मधल्या काळातल्या ॲरिझोनाच्या वैद्यकीय लेखांत ‘एक्झिलिकॉडा’ दिसलं, तर बहुतेक वेळा स्कल्प्ट्युरेटसच समजायचं.

अतिनील प्रकाशात विंचू चमकतात हे १९५० च्या दशकात नोंदलं गेलं आणि रात्री विंचू शोधणं एकदम सोपं झालं. अतिनील टॉर्च ३६५ नॅनोमीटर तरंगलांबीची घ्यावी. ३९५ च्या टॉर्चचा जांभळा उजेड चमक झाकतो. नुकतीच कात टाकलेला विंचू मात्र जवळजवळ चमकत नाही. आणि चमकेवरून जात कळते हा गैरसमज आहे, कारण चमकतात सगळेच.

जात पाहायची ती अवयवांवरून. विंचू काचेच्या ग्लासखाली धरावा, खालून जाड कागद सरकवावा; हात लावू नये. बार्क स्कॉर्पियन ७-८ सेंटिमीटरचा, चिमटे आणि शेपटी दोन्ही सडपातळ. नांगीच्या काट्याखाली बारीक उंचवटा असतो. तो भिंगातून बाजूने पाहावा. विसावताना शेपटी बहुधा आडवी वळवलेली. तो भिंतीवर चढतो, लाकडाच्या खालच्या बाजूला उलटा चिकटतो; म्हणून लाकूड उचलताना बोट नेमकं त्याच्यावर पडतं. याच भागातला पट्टेरी शेपटीचा पॅरावेजोव्हिस स्पिनिजेरस आखूड आणि दणकट चिमट्यांचा. शेपटीच्या खालच्या कडांवर गडद रेघा, आणि राहणं दगडाखाली, जमिनीलगत.

‘बारीक चिमटे, जाड शेपटी म्हणजे जहाल’ हा नियम इथे अर्धाच लागू पडतो. कोकणातल्या लाल विंचवाला तो बराच चपखल बसतो, पण बार्क स्कॉर्पियनची शेपटीही बारीक असल्याने शेपटीवर विसंबणारा फसतो. पिल्लं तर सगळ्याच जातींची फिकट आणि बारीक. त्यांच्याबाबत रंग-आकाराचा भरवसाच नको.

डंख झालाच तर विंचवाची ओळख पटेपर्यंत थांबायचं नाही. डोळ्यांची बेताल हालचाल, हातापायांचे झटके, लाळ गळणं, श्वासाला त्रास, यांपैकी काहीही मुलात दिसलं की थेट रुग्णालय गाठावं. घोड्यांपासून बनवलेल्या प्रतिविषाला अमेरिकेत २०११ मध्ये मान्यता मिळाली आहे, आणि ते द्यायचं की नाही हे डॉक्टर लक्षणांवरून ठरवतात.