पी-व्हॅल्यू 0.05 म्हणजे ‘95 टक्के खरं’ नव्हे

आरोग्य विषयातल्या पीजीच्या प्रबंधांत एक वाक्य हमखास सापडतं: ‘पी 0.05 पेक्षा कमी, म्हणजे उपचार लागू पडण्याची शक्यता 95 टक्के.’ साफ चूक. पी-व्हॅल्यू हा संख्याशास्त्रीय चाचणीतून निघणारा आकडा. ती आधी धरून चालते की उपचाराचा काहीच परिणाम नाही. मग एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता सांगते. बस्स. फरक कामाचा आहे का, हेही तिला ठाऊक नसतं. दहा हजार रुग्ण घ्या, रक्तदाबातला 1 मिलिमीटरचा फरकसुद्धा ‘सिग्निफिकंट’ (म्हणजे पी 0.05 पेक्षा कमी) ठरेल, रुग्णाला त्याचं सोयरसुतक नसलं तरी. 0.05 ही रेघ संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी 1925 मध्ये सोयीची म्हणून सुचवली होती. (आपण तिची लक्ष्मणरेषा केली!) अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने 2016 मध्ये ‘95 टक्के खरं’ हा गैरसमज लेखी खोडला. तक्त्यात फरकाचा आकार आणि कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा फरक ज्या मर्यादांमध्ये असू शकतो तो अंदाजी पल्ला) दोन्ही द्या.