यंत्राला मुलाचे बोलणे कळते का?

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एखाद्या मराठी शाळेत तिसरीतील मुलगी टॅबसमोर धडा मोठ्याने वाचत आहे आणि त्यातील ॲप तिच्या वाचनाला गुण देत आहे, असे समजू. तिने ओळ नीट वाचली, तरी पडद्यावर 'चूक' असे उमटले. चूक यंत्राची आहे हे बाईंच्या लक्षात येईल, मुलीच्या नाही. बालहक्कांचा प्रश्न माझ्या मते नेमका येथे सुरू होतो.

आवाज ओळखणारी प्रणाली ध्वनिमुद्रित नमुन्यांवरून शिकते आणि हे नमुने बहुतांशी प्रौढांचे असतात. प्रौढ पुरुषाच्या आवाजाची मूळ कंप्रता, म्हणजे स्वरतंतूंची दर सेकंदाची कंपने, साधारणपणे ८५ ते १८० हर्ट्झ असते, तर लहान मुलांची बहुधा २५० हर्ट्झच्या आसपास किंवा त्याहून वर. शिवाय घशापासून ओठांपर्यंतची पोकळी आखूड असल्याने त्यांच्या स्वरांचे अनुनाद, म्हणजे त्या पोकळीत घुमून ठळक होणाऱ्या कंप्रताही, वर सरकतात. त्यात सीमाभागाची बोली आली. 'काय करालायस?' असे सहज विचारणारे, बोलताना कन्नड शब्द मिसळणारे मूल प्रमाण मराठीवर घडलेल्या यंत्राला दुहेरी अनोळखी ठरते. अचूकतेची सरासरी हे झाकते: शंभरांपैकी ९५ वाचने बरोबर ओळखली गेली आणि चुकलेली पाचही अशाच मुलांची निघाली, तरी आकडा ९५ टक्केच दिसेल. म्हणून वयानुसार आणि बोलीनुसार चाचणी वेगळी घेतली पाहिजे, आणि यंत्राची खात्री कमी असेल तेव्हा त्याने गुण न देता ते वाचन बाईंकडे सोपवले पाहिजे.

ही केवळ सदिच्छा नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचे कलम ३० भाषिक अल्पसंख्य मुलाला स्वतःची भाषा वापरण्याचा हक्क देते, आणि भारताने ती संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. आपल्या राज्यघटनेतील मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाविषयीचे कलम ३५०-अ तर १९५६ चे, म्हणजे बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले त्याच वर्षाचे.

राहिला आवाजाच्या साठवणुकीचा प्रश्न. वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची तरतूद आहे, आणि संमतीची सूचना मराठीतूनही मिळण्याची सोय त्यात आहे. तरीही दिवसभर शेतात राबून आलेल्या आईने लांबलचक सूचना वाचून मुलीचे रक्षण करावे, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. ध्वनिमुद्रण टॅबवरच तपासून लगेच पुसले जाईल अशी रचना आधीच केलेली असेल, तर तिला विचारायच्या गोष्टी फार थोड्या उरतात.