मद्याची लेबले व जाहिराती : पुण्यातील शासकीय देखरेख

मद्याच्या बाटलीवर काय छापायचे, दुकानाच्या पाटीवर काय लिहायचे नाही आणि मद्याची भलामण कुठे करता येत नाही, हे ठरवणारी आणि तपासणारी व्यवस्था. ती एका खात्याच्या हाती नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार मादक मद्य हा राज्य सूचीतील विषय (नोंद ८), म्हणून मुख्य अधिकार महाराष्ट्र शासनाच्या राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे आहेत. सर्वसामान्य पुणेकर त्याला नुसते ‘एक्साइज’ म्हणतो. पण बाटलीतले द्रव कायद्याने अन्नही ठरते आणि वेष्टित वस्तूही. त्यामुळे अन्न व औषध प्रशासन आणि वजन-मापे तपासणारी वैधमापन यंत्रणा त्यात येतात. रस्त्यावरच्या फलकांसाठी पुणे महानगरपालिकेचा आकाशचिन्ह व परवाना विभाग आहे. या विभागणीचा परिणाम असा की लेबल विक्रीपूर्वी तपासले जाते, तर जाहिरातीकडे बहुतेक वेळा बोभाटा झाल्यावरच लक्ष जाते.

कायद्याचा पाया

पाया १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाचा आहे. आता तो महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणून ओळखला जातो. नावात दारूबंदी असली तरी आज तो मुख्यतः परवान्यांचा कायदा आहे. एफएल-२ म्हणजे वाइन शॉप, एफएल-३ म्हणजे परमिट रूम, एफएल/बीआर-२ म्हणजे बिअर शॉपी आणि सीएल-३ म्हणजे देशी दारूचे दुकान, ही सगळी बाराखडी त्याच्याच नियमांतली. पिणाऱ्यालाही परवाना लागतो आणि वयाची अट आहे : बिअर व वाइनसाठी २१ वर्षे, इतर मद्यासाठी २५. पदवीच्या विद्यार्थ्यांनी भरलेल्या या शहरात मद्याची बरीचशी जाहिरात कायद्याने ग्राहकच नसलेल्यांच्या नजरेस पडते, हे ध्यानात घ्यायला हवे.

जाहिरातबंदी कलम २४ मध्ये आहे. वृत्तपत्र, पुस्तक, पत्रक अशी यादी देऊन कलम पुढे ‘अन्य प्रकारे प्रदर्शित किंवा वितरित करणे’ यालाही बंदी घालते. १९५१ मध्ये मुंबई राज्य विरुद्ध एफ. एन. बलसारा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या कलमातील मद्याची नुसती प्रशंसा करण्यास मनाई करणारा भाग अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरुद्ध ठरवून रद्द केला. मद्य देऊ करणे किंवा ते घेण्यास उद्युक्त करणे यांवरची मनाई मात्र टिकली. प्रशंसा कुठे संपते आणि आमंत्रण कुठे सुरू होते, हा वाद तेव्हापासून चालत आला आहे. जाहिरात व्यवसायाने त्याचा पुरेपूर फायदा घेतला.

लेबल

१८० मिलीची बाटली, म्हणजे ‘क्वार्टर’, हातात घेतली तर तळहाताएवढ्या कागदावर किती खाती बसली आहेत ते दिसते. ब्रँडचे नाव आणि मद्याचा प्रकार, उत्पादकाचा पत्ता व परवाना, अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक, निव्वळ परिमाण, तुकडी क्रमांक, कमाल किरकोळ किंमत, मद्यार्काचे (अल्कोहोलचे) प्रमाण, आणि वैधानिक इशारा. हे लेबल उत्पादन शुल्क आयुक्तांकडून आधी मंजूर झालेले असावे लागते. मंजुरीशिवाय बाटली आसवनीच्या (डिस्टिलरीच्या) फाटकाबाहेर पडत नाही.

मद्यार्काच्या जागी बहुधा ४२.८ टक्के असा आकडा असतो. तो ब्रिटिश काळातील ‘प्रूफ’ मोजणीचा अवशेष आहे. प्रूफ म्हणजे ५७.१ टक्के मद्यार्क; तेच १०० अंश. त्याहून २५ अंश खालचे ते ‘२५ अंडर प्रूफ’, म्हणजेच ४२.८. मोजणी गेली, आकडा राहिला. बिअरमध्ये ५ टक्क्यांपर्यंत साधी आणि त्यापुढे ८ टक्क्यांपर्यंत स्ट्राँग, अशी विभागणी आहे.

इशाऱ्याचा मजकूर व आकार २०१८ च्या अन्न सुरक्षा व मानके (मद्ययुक्त पेये) विनियमांनी ठरवला. हे विनियम १ एप्रिल २०१९ पासून अमलात आहेत. मद्यसेवन आरोग्यास हानिकारक आहे आणि पिऊन गाडी चालवू नका, एवढाच त्याचा आशय. २०० मिलीपर्यंतच्या बाटलीवर अक्षराची उंची किमान १.५ मिमी आणि त्याहून मोठ्या बाटलीवर किमान ३ मिमी असावी लागते. राज्याची इच्छा असेल तर इशारा प्रादेशिक भाषेत छापता येतो. मग तो इंग्रजीत पुन्हा छापण्याची गरज नाही. याच विनियमांनुसार बाटलीवर आरोग्यविषयक दावा करता येत नाही, पोषणमूल्यांचा तक्ता देता येत नाही आणि ०.५ टक्क्यांहून अधिक मद्यार्क असलेल्या पेयाला ‘नशा न आणणारे’ म्हणता येत नाही. दीड मिलिमीटरचे अक्षर परमिट रूमच्या मंद दिव्यात कोण वाचणार, असा प्रश्न पडतो; त्याचे उत्तर विनियमांत नाही.

सरकार सर्वांत काटेकोर असते ते किमतीच्या ओळीबाबत, कारण महसूल तिथे आहे. विदेशी मद्यावरचे (म्हणजे भारतातच बनणाऱ्या व्हिस्की, रम वगैरेंवरचे) शुल्क उत्पादकाने जाहीर केलेल्या निर्मिती खर्चाच्या पटीत आकारले जाते. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने २६० रुपये प्रतिलिटरपर्यंत निर्मिती खर्च असलेल्या मद्यासाठी ही पट तीनवरून साडेचार केली. त्याच निर्णयात धान्यापासून बनवलेल्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’ या नव्या वर्गाची भर पडली. १८० मिलीची किमान किंमत देशीसाठी ८० रुपये, या नव्या वर्गासाठी १४८, विदेशी मद्यासाठी २०५ आणि प्रीमियम विदेशी मद्यासाठी ३६० रुपये ठरली.

कोणत्या राज्यात विक्रीसाठी, ही ओळही तितकीच महत्त्वाची. गोव्यात कर कमी असल्याने तिथले मद्य चोरट्या मार्गाने पुण्याकडे येते आणि भरारी पथकांना पहिला पुरावा मिळतो तो लेबलावर. रिकाम्या स्कॉचच्या बाटल्यांत स्वस्त मद्य भरून विकणाऱ्यांच्या अड्ड्यांवर बाटल्यांबरोबर बुचे आणि लेबलेही सापडतात.

मायक्रोब्रुअरीची, म्हणजे जागेवरच बिअर बनवून विकणाऱ्या छोट्या कारखान्याची, गोष्ट निराळी. देशातील पहिल्या मायक्रोब्रुअरींपैकी एक, डूलॅली, २००९ मध्ये पुण्यात सुरू झाली. तिथे बिअर नळातून थेट ग्लासात येते, त्यामुळे लेबलाचा प्रश्नच उरत नाही. २०२० च्या टाळेबंदीत ताजी बिअर ग्राउलरमधून, म्हणजे झाकणाच्या मोठ्या बाटलीतून, घरी नेण्यास परवानगी मिळाली तेव्हा तो थोडासा उपस्थित झाला.

पाट्या, पडदा आणि मोबाइल

१५ डिसेंबर २०१६ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतील मद्यविक्री बंद केली. मद्य उपलब्ध असल्याचे सांगणारे महामार्गावरचे फलक काढून टाकण्याचा आदेशही त्यातच होता. चर्चा अंतराचीच झाली. फलकांचा भाग मागे पडला. जुलै २०१७ मध्ये न्यायालयाने ही बंदी महापालिका व नगरपालिका हद्दीतील परवान्यांना लागू नसल्याचे स्पष्ट केले.

२०२२ मध्ये दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती झाली. मद्य विकणाऱ्या किंवा देणाऱ्या आस्थापनेला थोर व्यक्तींचे किंवा गडकिल्ल्यांचे नाव देण्यास तीत मनाई आहे. सिंहगड, तोरणा, राजगड ज्या जिल्ह्यात आहेत तिथे ही तरतूद कागदापुरती राहत नाही. पाटीच उतरवावी लागते.

दूरचित्रवाणीवर केबल नियमांतील नियम ७ प्रमाणे मद्याची प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष जाहिरात करता येत नाही. त्यातून सोडा, पाणी, म्युझिक सीडी यांच्या नावाखाली मद्याचाच ब्रँड मिरवणाऱ्या छुप्या जाहिराती निघाल्या. सोडा दाखवायचा आणि बाटली आठवायची. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वे काढून अशा जाहिरातींना बंदी घातली. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुढे ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. १९८५ पासून काम करणारी एएससीआय ही जाहिरातदारांनीच उभारलेली संस्थाही तक्रारी घेते, पण तिला सरकारी दंडाधिकार नाहीत.

मोबाइलवर सगळेच सैल पडते. ‘लेडीज नाइट’, ‘वन प्लस वन’, शनिवारची सूट या गोष्टी पबच्या इन्स्टाग्राम पानावर दिवसभर झळकतात आणि रात्रीनंतर दिसेनाशाही होतात. कलम २४ मधील ‘अन्य प्रकारे प्रदर्शित’ हे शब्द त्यांनाही लागू पडू शकतात. पण सकाळी नसलेल्या जाहिरातीचा पंचनामा करायचा कसा? २०२४ च्या अखेरीस मुंढव्यातील एका पबने नववर्षाच्या निमंत्रणासोबत कंडोम आणि ओआरएसची पाकिटे पाठवली. ते प्रकरण बाहेर आले ते एका राजकीय पक्षाच्या युवक संघटनेने पोलिसांकडे तक्रार केल्यामुळे, कोणत्याही खात्याच्या तपासणीतून नव्हे.

तक्रारदाराला मात्र आधी खाते शोधावे लागते. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतल्यास वैधमापन किंवा उत्पादन शुल्क, बाटलीतल्या मालाबद्दल शंका असल्यास अन्न व औषध प्रशासन, अनधिकृत होर्डिंगसाठी महापालिकेचे क्षेत्रीय कार्यालय, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.